साहेब, झाडांची फाइल सगळ्यात शेवटी का उघडता?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार,

पत्र पुढे वाचायच्या आधीच मला विकासविरोधी म्हणून बाजूला काढू नका म्हणून आधीच सांगतो, मी रोज मुंबईत आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) मेट्रो 3 नेच जातो. एसीत उभं राहून, शर्ट न भिजता ऑफिसला पोचतो, आणि ज्यांनी पूर्वी अंधेरी-कुर्ला रोडवर दीड दीड तास रिक्षात काढलाय त्यांनाच कळेल ते सुख काय असतं. त्यामुळे एकही झाड तोडू नका असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे झाडांची परवानगी ही कायम शेवटची फाइल असते. आधी अलाइनमेंट, म्हणजे मार्गाची आखणी, ठरते, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग नारळ फुटतो, मंडप उठतो, आणि मग कुणालातरी आठवतं की अरे मधे झाडं आहेत. तोपर्यंत कोटी कोटी रुपये अडकलेले असतात, मग झाड हे झाड राहत नाही, 'अडथळा' होतं, आणि जो बोलेल तो प्रोजेक्टला उशीर करणारा ठरतो.

आरेचंच घ्या. 29 ऑगस्ट 2019 ला वृक्ष प्राधिकरणाने (झाडं तोडायची परवानगी देणारी महापालिकेची समिती) मेट्रो 3 च्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या ठेवायच्या-दुरुस्तीच्या जागेसाठी, 2,646 झाडांना (तोडणे आणि पुनर्रोपण धरून) मंजुरी दिली. 4 ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर 2,141 झाडं पडली होती. एवढी घाई कशासाठी, तर काम थांबू नये म्हणून. आणि मग काय झालं? नोव्हेंबरच्या शेवटी सरकार बदललं, कारशेडला स्थगिती, 2020 मधे कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तिथे जागेच्या वादात हायकोर्टाची स्थगिती, आणि 2022 च्या जुलैत परत आरेच. म्हणजे झाडं तीन दिवसांत गेली आणि काम अडीच वर्षांपेक्षा जास्त बंद. तोडलेल्या जागेवर गवत उगवलं असेल तेवढ्यात. पुढे उरलेल्या 84 झाडांसाठी परत सुप्रीम कोर्टात जावं लागलं, तिथे 84 ची परवानगी मिळाली तर 177 साठी प्रयत्न केले म्हणून मेट्रो कंपनीला एप्रिल 2023 मधे 10 लाखांचा दंड. मेट्रो 3 चा खर्च 23,136 कोटींवरून 37 हजार कोटींवर गेला, तो सगळा काही झाडांमुळे वाढला नाही हे मलाही कळतं, पण कारशेडची जागा पहिल्याच दिवशी नीट भांडून-तंडून ठरवली असती तर ही फरफट टळली असती की नाही?

बरं यातून शिकलो म्हणावं तर गोरेगाव-मुलुंड लिंक रोड बघा. 12 किलोमीटरचा रस्ता, नॅशनल पार्कच्या पोटातून जुळे बोगदे, कामाचा प्रोजेक्ट आहे, पवईच्या ट्रॅफिकमधे अडकलेला कोणीही सांगेल. बोगद्याचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते जुलै 2024 ला झालं. आणि फिल्मसिटीतली पहिली 95 झाडं तोडायची परवानगी सुप्रीम कोर्टाकडून मिळाली जुलै 2025 अखेरीस. वर्ष गेलं ना मधे! ती झाडं भूमिपूजनाच्या दिवशीही तिथेच होती की, रातोरात थोडीच उगवली.

आता दुसरी गंमत, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आपल्या 1975 च्या झाडांच्या कायद्यात वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण, तर महापालिका आयुक्त. रस्ता बांधणारी कोण, तर महापालिका. म्हणजे अर्ज करणार घरचेच, हरकती ऐकणार घरचेच आणि सही पण घरचीच. त्यात मुंबईत मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचाच कारभार होता, तेव्हा तर घरात प्रश्न विचारणारं सुद्धा कोणी नव्हतं. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाहीये, पण सासूच परीक्षक आणि सूनच स्पर्धक असली की निकालावर शेजारी बोलणारच. मग लोक कोर्टात जातात, तारखा पडतात, आणि तुम्ही म्हणता लोकांमुळे उशीर होतोय.

2021 ला कायद्यात चांगली दुरुस्ती झाली हे मान्य. 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज, आणि झाडाचं वय जितकं तितकी नवीन झाडं लावायची. कागदावर झकास आहे. पण 60 वर्षांच्या पर्जन्यवृक्षाच्या बदल्यात 60 रोपं लावायची ती कुठे? ज्या रस्त्यावरची सावली गेली तिथे तर जागाच उरत नाही, मग ती जातात कुठेतरी लांब डोंगरावर, आणि आमच्या बसस्टॉपवर ऊन ते ऊनच. नोव्हेंबर 2025 मधे तर खुद्द सुप्रीम कोर्टाला बजावावं लागलं की पर्यायी झाडं नीट लावली नाहीत तर दिलेल्या परवानग्या मागे घेऊ. पुनर्रोपणाचं पण तेच, फांद्या छाटून, मुळं कापून नुसता ठोंब नेऊन पुरतात, पावसाळ्यात दोन पालव्या फुटतात, त्याचा फोटो निघतो. उन्हाळ्यात तिथे कोण जातं बघायला?

मागणी फार मोठी नाही साहेब. डीपीआर (प्रोजेक्टचा सविस्तर अहवाल) बनवतानाच झाडांची मोजणी करा, जात, वय, घेर सगळं, आणि ती यादी टेंडरच्या आधी लोकांसमोर ठेवा. तेव्हा अलाइनमेंट चार मीटर सरकवायला फक्त पेन्सिल लागते, नंतर कोर्ट लागतं. सुबाभूळ आणि वड एकाच मापाने मोजू नका, सुबाभळीसाठी मी पण भांडणार नाही. प्राधिकरणाचा अध्यक्ष अर्जदाराच्या बाहेरचा असू द्या. आणि आधीच्या प्रोजेक्टची पुनर्रोपित झाडं किती जगली हे दाखवल्याशिवाय त्याच एजन्सीला पुढची परवानगी देऊ नका. बँक पण आधीचे हप्ते बघूनच पुढचं कर्ज देते ना.

हे सगळं मंत्रालयात न पाठवता असं उघड्यावर का लिहितोय, तर त्याचं कारण साधं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या पर्जन्यवृक्षावर गेल्या महिन्यात नोटीस डकवली, खोडावर लाल रंगात 47 नंबर घातला. मी रात्री बसून दोन पानांची हरकत टाइप केली आणि नोटिशीवर छापलेल्या ईमेलवर पाठवली. मिनिटभरात परत आली. मेलबॉक्स फुल.

आपला,
47 नंबरच्या झाडाखाली रोज रिक्षाची वाट बघणारा एक मतदार