होळीला ओमला पाठवतेय

छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "होळीला ओमला पाठवू नकोस. तलवारींचा तो धिंगाणा पोरानं बघायलाच नको." आईनं फोन हिसकावून विषय बदलला, म्हणून पत्र. शिवाय फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत!

बाबा, तुमचा राग कुठला ते मला ठाऊक आहे. 29 मार्च 2021. कोरोना भरात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातून होळीच्या सणात निघणाऱ्या शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीला परवानगी नाही, सगळं गुरुद्वाऱ्याच्या आवारातच करायचं ठरलेलं. निशाणसाहिब, म्हणजे शिखांचा पवित्र ध्वज, दाराशी आला आणि शेकडो पोरं बॅरिकेड तोडून रस्त्यावर आली. पोलिसांवर तलवारी चालल्या, पोलीस जखमी झाले. त्याची बाजू मी घेणार नाही. परवानगी नाकारली यातही मला काही वावगं दिसत नाही. आदल्या दसऱ्याच्या मिरवणुकीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यांनीही निर्णय राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर सोपवला.

पण हल्ला म्हणजे मुळात लुटुपुटूची लढाई. गुरू गोविंदसिंगांनी 1701 मध्ये आनंदपूरला होला, म्हणजे शिखांचा होळीचा सण, सुरू केला, तो शिष्यांचा लढाईचा सराव व्हावा म्हणून. तलवार उपसायची, आरोळी द्यायची, जीव खाऊन पळायचं. समोर मात्र शत्रू कुणीच नाही. त्या दिवशी पोरांनी समोर पोलीस धरले. परंपरेसाठी भांडायला निघाले आणि तिचा पहिला नियम त्यांनीच मोडला. खटले त्यांच्यावर चालू द्या, मिरवणुकीवर कशाला?

"कायमचं आवारातच करा" हे तुमचं म्हणणं तर मुळीच पटत नाही. भिंतीच्या आत पळणार कुठं? आणि ही शीख माणसं काही काल आलेली नाहीत. गुरूंनी 1708 मध्ये देह ठेवला तो आपल्या नांदेडात. तिथल्या सचखंड गुरुद्वाऱ्याची इमारत रणजितसिंगांनी 1832 ते 1837 मध्ये बांधून घेतली. गुरुद्वाऱ्याकडच्या कित्येक घरांतली मराठी आपल्यापेक्षा ठसठशीत आहे.

ओमला ओढ आहे ती मिरवणुकीतल्या घोड्यांची. गुरूंच्या घोड्याच्या वंशातले म्हणून त्यांच्या पाठीवर कुणी बसत नाही, हे आईनं सांगितल्यापासून रोज विचारतो, "मग ते कंटाळत नाहीत का?" उत्तर तुम्हीच द्या. घोडे गेले, हल्ला धावून गेला की रस्त्यावर एकेकट्या चपला पडलेल्या असतात, कुणाची डावी, कुणाची उजवी. मला तर लहानपणी तेच बघायला आवडायचं.

गर्दीत मात्र नेऊ नका. धक्काबुक्की होतेच, आणि तलवारी खऱ्या असतात. मामाच्या गच्चीवरून सगळं दिसतं. आई, गुडघा दुखत असेल तर जिना चढू नकोस, मामा नेईल त्याला. बाबांना यायचं नसेल तर घरी पेपर वाचत बसू देत.

तपोवन एक्स्प्रेसची तिकिटं काढलीत, हे सोबत आहेत. रद्द करणार नाही.

तुमची,
माई