भरतीची वाट बघायला शिकवलंस म्हणून

प्रिय मैत्रिणीस,

तोंडावर आभार मानले असते तर "चल, काहीतरीच!" म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून हे उघड पत्र. चारचौघांत तसं करता येणार नाही.

समुद्रावर पक्षी बघायला जायचं ठरलं, तेव्हा मी पहाटेचा गजर लावून मोकळी झाले होते. पक्षी म्हणजे पहाट, एवढंच मला ठाऊक. तू मात्र आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलंस. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर लांबवर पांगतात, नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की तेच थवे पाण्यापुढे सरकत किनाऱ्याला येतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी पोचायचं. शिवाय भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. इतकी वर्षं मी समुद्रावर फक्त पाय भिजवायला जात होते!

आणि तिथे पोचताच मी घोळ घातला. पुळणीवर तुतवारांचा, त्या छोट्या किनारी पक्ष्यांचा, मोठा थवा बसला होता. फोटोच्या नादात मी तरातरा चालत गेले आणि अख्खा थवा उडाला. वळताना सगळ्यांची पांढरी पोटं एकदम चमकली. मी खूश! तू काहीच बोलली नाहीस. खाली बसलीस आणि शेजारची वाळू थोपटलीस.

बऱ्याच वेळाने, अगदी सहज, तू त्या गॉडविटची, म्हणजे लांब चोचीच्या स्थलांतरी किनारी पक्ष्याची, गोष्ट काढलीस. 2022 साली जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघाला आणि 11 दिवस कुठेही न टेकता थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात उतरला. 13,560 किलोमीटर. निघण्याआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि वजन नको म्हणून पोटातले पचनाचे अवयव आक्रसून घेतात. ओहोटीच्या मोजक्या तासांत पोट भरायचं, भरतीत विसावायचं, असा यांचा हिशेब. मध्येच कुणी उडवलं की तीच चरबी फुकट जळते. "फोटोसाठी" हा शब्द तू उच्चारला नाहीस. मला मात्र ऐकू आला.

मग आपण बसून राहिलो. पाऊण तास तरी. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण पक्षी आपणहून जवळ आले. सँडरलिंग नावाचे चिमुकले पक्षी लाटेच्या मागे धावत जायचे आणि लाट वळली की तिच्यापुढे पळत सुटायचे, चावी दिलेल्या खेळण्यासारखे. ते पुढे गेल्यावर तू मला ओल्या वाळूतली पावलं दाखवलीस: तीनच बोटं, मागचं बोट नाही. बघता बघता त्या ठशांत पाणी भरलं. पलीकडे एका कर्ल्यूने वाकडी, लांबलचक चोच चिखलात जवळजवळ मुळापर्यंत खुपसून खेकडा ओढून काढला आणि झटके देऊन त्याचे पाय तोडले. "एवढी लांब चोच म्हणजे मादी असावी," तू पुटपुटलीस. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांतला फरक तू तीनदा सांगितलास. अजून गोंधळच आहे, पण ते असो.

रात्री आरशात मानेवर पट्ट्याचा वळ दिसला आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. दुर्बीण एकच होती. तुझी. आणि दिवसभर ती माझ्या गळ्यात होती! तू नुसत्या डोळ्यांनी, उडण्याच्या ढबीवरून आणि आवाजावरून पक्षी ओळखत होतीस आणि मी "हो हो, दिसला" करत होते. एकदाही मागितली नाहीस गं.

पुढच्या खेपेला माझी मी आणते. 8 बाय 42 च, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची घ्यायची ना? पौर्णिमेचं उधाण गाठू या. कोष्टक यावेळी मी बघते.

तुझी,
चिखलात एक चप्पल सोडून आलेली