टांझानियाला निघालेल्या लेकीस

अंबाजोगाई

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सहा महिने तिथल्या माध्यमिक शाळेतल्या लेकरांना धीर द्यायला चाललीस. कपड्यांची यादी तू केलीच असशील, म्हणून मी कामाचंच लिहिते.

तिथं प्राथमिकची सात वर्षं स्वाहिलीतून होतात आणि फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गाच्या, पहिल्याच दिवसापासून पुस्तकं, फळा, परीक्षा सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून नव्वद टक्के मिळवलेली पोर लातूरला अकरावी सायन्सला बसते आणि दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नाही, तसलीच ही गत. निजामाच्या राज्यात तर घरी मराठी आणि वरच्या वर्गात उर्दू, हे १९४८पर्यंत मराठवाड्यानं भोगलंय. त्यामुळं एखादं लेकरू गप्प बसलेलं दिसलं की त्याला कच्चं किंवा लाजाळू ठरवू नकोस. उत्तर त्याच्यापाशी असतं, पण ते ज्या भाषेत आहे ती वर्गात चालत नाही.

आत्मविश्वास भाषण देऊन येत नाही. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली त्याचे चार झरे सांगितले: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम. यात स्वतः केलेल्या कामाचं पारडं सगळ्यात जड. बाहेरून आलेले बहुतेक स्वयंसेवक तिसऱ्याच झऱ्यावर सगळा वेळ घालवतात. ‘यू कॅन डू इट’ म्हणून टाळ्या वाजवतात आणि सोमवारी लेकरू पुन्हा मागच्या बाकावर.

पहिले दोन आठवडे नुसतं वर्गात मागं बस, नावं पाठ कर. मग पाच जणांचा गट घे, सहाच्या वर जाऊ नकोस. आठवड्यातून दोनदा, ४० मिनिटं, वार आणि वेळ ठरलेली. त्यांच्याच पुस्तकातला एक छोटा मुद्दा घे, समज पाण्याचं बाष्पीभवन. तो तीनदा सांगायला लाव: आधी जोडीदाराला स्वाहिलीत, मग त्याच जोडीदाराला इंग्रजीत, मग उभं राहून गटाला. तिसऱ्या वेळी मजकूर डोक्यात बसलेला असतो, म्हणून सगळी ताकद भाषेला मिळते आणि आवाज मोकळा होतो. फळ्यावर वाक्यांच्या तीन सुरुवाती लिहून ठेव: ‘आय थिंक’, ‘बिकॉज’, ‘आय डोन्ट अग्री’. घाबरलेल्याला पहिला शब्दच सापडत नसतो, तो तयार असला की पुढचं येतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन गट एकत्र करून दहा जणांसमोर बोलायला लाव. सगळा वर्ग दहाव्या आठवड्यानंतर. ही पायरी गाळायचा मोह फार होतो, कारण पाहुणे येणार असतात, कुणाला फोटो हवे असतात. अशा वेळी लेकरू अडखळलं, वर्ग हसला, की महिनाभराचं काम वाहून जातं. तसं घडलंच तर त्याच दिवशी त्याला एक पायरी खाली घे आणि जोडीदारासमोर ते पूर्ण करून मगच घरी जाऊ दे.

बोलताना मधेच चूक दुरुस्त करू नकोस. दोन चुका वहीत टिपून घे आणि शेवटी नाव न घेता सगळ्यांना सांग. प्रश्न विचारलास की मनात पाचपर्यंत मोज. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं वर्गांत मोजून पाहिलं होतं: शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंदांवर थांबले की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारेही बोलतात. जो परकी भाषा मनात जुळवतोय त्याला तर पाच लागतातच.

‘समजलं का?’ हे विचारूच नकोस. सगळा वर्ग ‘न्दियो’ म्हणजे ‘हो’ असा सूर लावतो, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लावतात तसाच, आणि त्या सुरात न समजलेले लपतात. त्यापेक्षा पाट्या वापर. उत्तर लिहायचं, पाटी छातीशी धरायची आणि तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर. शेजाऱ्याचं पाहून लिहायला वेळच राहत नाही. स्वाहिलीत ‘बाडो’ म्हणजे ‘अजून नाही’. पाटीवर ‘बाडो’ लिहिलं तरी चालतं, हे पहिल्याच दिवशी सांग.

कौतुक करताना ‘हुशार आहेस’ म्हणू नकोस. पुढच्या वेळी जमलं नाही की ते लेकरू स्वतःला मठ्ठ समजतं. ‘आज चार वाक्यं न थांबता बोललीस’ असं घडलेलं सांग. तेच ज्याच्या त्याच्या वहीत तारीख घालून एका ओळीत लिहायला लाव. ‘मला येत नाही’ म्हणालं की मागची पानं उलटून दाखव.

मुलींचा गट पहिले चार आठवडे वेगळा ठेव. शाळा सुटल्यावर त्यांना पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडं असतात, म्हणून वेळ त्यांनाच विचारून ठरव. दर महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर राहत असतील तर संडासात पाणी आणि दाराला कडी आहे का, ते आधी बघ.

आता जिथं चूक परवडत नाही ते. एकट्या लेकराला बंद खोलीत भेटू नकोस. व्हरांडा, झाडाखाल, चार जणांना दिसेल अशी जागा. पैसे, भेटवस्तू, ‘तुला भारतात नेते’ असं काही नको. फोटो पालक आणि शाळेच्या परवानगीशिवाय नाही. कुणी मारहाणीचं किंवा छेडछाडीचं सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून तुला पाठवणाऱ्या संस्थेनं नेमलेल्या माणसाकडं दे. तिथं छडीला कायद्यानं अजून मुभा आहे. तुला ती पाहवणार नाही, पण शिक्षकाला मुलांसमोर टोकू नकोस, मुख्याध्यापकांशी वेगळं बोल. संस्थेनं तुझ्याकडं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं नसेल, तर लेकरांबाबत ते बेफिकीर आहेत असं मी समजेन.

परत जायची तारीख पहिल्या दिवशीच सांग. न सांगता निघून गेलेल्या ताईमुळं लेकरं आधीपेक्षा जास्त मिटतात. प्रत्येक गटात एक स्थानिक शिक्षक सुरुवातीपासून बसव आणि शेवटचे तीन आठवडे गट त्यांना चालवू दे, तू मागं बस. फॉर्म टूची, नुकतीच यातून गेलेली मुलं सोबतीला घे; बांदुराचा दुसरा झरा तोच, आणि तो तू नसून ती मुलं आहेत.

भाषेला भिऊ नकोस. पुस्तक ‘किताबू’, लेखणी ‘कलामू’, गणित ‘हेसाबू’, जग ‘दुनिया’. अरबीतून आलेले हे शब्द आपल्या भागात कुणाला नवे नाहीत. थोरांना नमस्काराऐवजी ‘शिकामो’ म्हण. लेकरं तुला तसं म्हणतील तेव्हा उत्तरादाखल ‘माराहाबा’ म्हणायचं. वेळ मात्र नीट विचार: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, ‘सा मोजा’ (एक वाजता) म्हणजे आपले सकाळचे सात. बैठक ‘सा नाने’ (आठ वाजता) म्हणाले तर ती दुपारी दोनला असते.

फिरायच्या व्हिसावर शाळेत काम करता येत नाही, परवाना कोणता काढणार ते संस्थेकडून लेखी घे. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीहून असेल तर पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घे. परत येताना विमानतळावर तो दाखला मागू शकतात. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, मच्छरदाणी घेऊनच जा. सहा पाट्या मी पुठ्ठ्यात बांधून ठेवल्यात, सुटकेसमध्ये तळाला घाल.

तिथं आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतं. तुझे रात्रीचे साडेआठ वाजले की माझे अकरा होतात. तेव्हा फोन कर माय, मी जागीच असते.

तुझी
आई