विलो, कोजागिरीला ये

लातूर,
भाद्रपद, २०२५

प्रिय विलो,

या नावानं तुला हाक मारून किती वर्षं झाली! हॉस्टेल सुटलं, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, आणि आपण दोघी आपापल्या खऱ्या नावांवर आलो. पण आजचं पत्र तुझ्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' मालिकेतल्या जुन्या नावालाच लिहायचं आहे, कारण तुझ्या एका निरोपाचं उत्तर माझ्याकडे फेब्रुवारीपासून राहिलंय. २६ फेब्रुवारीला, त्या मालिकेत बफीची धाकटी बहीण डॉन झालेली मिशेल ट्रॅक्टेनबर्ग गेली, त्या रात्री तू मला दोनच शब्द पाठवलेस, 'डॉन गेली.' एकोणचाळीस वर्षांची होती ती. आपल्याच वयाची. मी फोन हातात धरून बसले आणि काहीच लिहिता आलं नाही. तू रागावली नाहीस हे मला माहीत आहे, पण मी गप्प का बसले ते तुला सांगायलाच हवं.

आधी त्या खोलीबद्दल लिहू दे. तेव्हाचं औरंगाबाद, विद्यापीठाचा परिसर, मागे लेण्यांचा डोंगर, आणि सगळ्या मजल्यात मिळून एकच कॉम्प्युटर. रूममेटच्या भावानं पुण्याहून हार्डडिस्क आणली, त्यात सात सीझन, १४४ भाग. तू अंबडची, मी लातूरची, दोघी मराठी माध्यमाच्या. सबटायटल वाचेपर्यंत सीन निघून जायचा, मग मागे घ्यायचं, पुन्हा वाचायचं. बाहेर उजेड जाऊ नये म्हणून खिडकीला चादर लावायची. बेगमपुऱ्यातून कुणीतरी भजी आणायची. आपलं इंग्रजी वर्गात कमी आणि त्या खोलीत जास्त सुधारलं, असं मी माझ्या विद्यार्थिनींना आजही सांगते.

पहिला भाग आठवतो? रात्रीची शाळा, खिडकीची काच फोडून आत शिरलेला मुलगा, आणि त्याच्या मागे घाबरत घाबरत चालणारी सोनेरी केसांची मुलगी. आपण श्वास धरून बसलो होतो, आता हिचं काही खरं नाही म्हणून. आणि पिशाच्च होऊन, वळून त्या मुलाचा गळा पकडते ती तीच! तू तिथेच थांबवलंस आणि पुन्हा लावलंस. मग एकदम म्हणालीस, 'म्हणजे घाबरायचं कुणी, हे यांनी उलटं केलं.' पुढे आपण वाचलं की मालिकेचा कर्ता जॉस व्हेडन याला ही कल्पना तिथूनच सुचली होती. भयपटांत अंधाऱ्या गल्लीत शिरलेली सोनेरी केसांची मुलगी दरवेळी मरते, तर एकदा तिनंच गल्लीतल्या राक्षसाला मारलं तर? १९९२ मध्ये त्याच्या लिखाणावर सिनेमा निघाला, तो त्याच्या मनासारखा झाला नाही, आणि मग १० मार्च १९९७ ला मालिका सुरू झाली. आपल्याला तारखांचं काय, पण त्या आठवड्यात संध्याकाळी मकाई दरवाज्याखालून परत येताना तू माझा हात धरला नव्हतास. रोज धरायचीस. त्या दिवशी दोघी मोकळ्या हातांनी चाललो, मधोमध. मला ते चालणं अजून आठवतं.

'स्लेयर'ला, म्हणजे पिशाच्चांना मारायला निवडलेल्या मुलीला, मराठीत काय म्हणायचं यावर आपण दोन दिवस घालवले. 'वधकर्ती' तुला नाटकी वाटलं, 'मारेकरीण' मला गुन्हेगारासारखं वाटलं. मग मी म्हटलं, आपल्या तुळजापुरात बसलीय ती कोण आहे? महिषासुरमर्दिनी. झालं! बफी पिशाच्चमर्दिनी. दारावर खडूनं लिहिलं होतं आपण ते.

आणि 'हश' पाहिला ती रात्र. डिसेंबर १९९९ चा भाग, म्हणजे आपण पाहिला तेव्हाही जुनाच. हसऱ्या चेहऱ्याचे, काळ्या सुटातले ते माणसांसारखे जीव गावातल्या सगळ्यांचे आवाज चोरून नेतात, आणि चव्वेचाळीस मिनिटांतली सत्तावीस मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. मेसच्या मावशी चहाचे कप न्यायला आल्या आणि दारातच खाली बसल्या. इतर वेळी आपल्याला त्यांना समजावून सांगावं लागायचं, त्या रात्री काही सांगावंच लागलं नाही. भाग संपल्यावर त्या म्हणाल्या, 'आवाज गेल्यावर बाईमाणसाला ओरडताबी येत न्हाई, तेच लई भ्यावाचं.' त्या भागाच्या लेखनाला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं, पण त्यावरचं मावशींच्या वाक्याइतकं नेमकं मी आजवर कुठं वाचलेलं नाही.

सगळंच चांगलं होतं असं नाही. सहाव्या सीझनमध्ये स्पाइक या पिशाच्चानं बाथरूममध्ये बफीवर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला आणि त्याच भागाच्या शेवटी मालिकेतल्या विलोची प्रेयसी टारा खिडकीशी उभी असताना गोळी लागून मेली, तेव्हा तू उठून निघून गेलीस. दोन दिवस तू पुढचं काही पाहिलं नाहीस. मी तेव्हा स्पाइकची बाजू घेत होते, तो पुढे बदलतो वगैरे. आज नाही घेणार. आणि २०२१ मध्ये मालिकेतल्याच करिश्मा कार्पेंटरनं व्हेडनच्या वाईट वागण्याबद्दल जाहीरपणे लिहिलं, आणि सेटवरच्या इतर जणींनी तिला पाठिंबा दिला, त्यात मिशेलही होती. ते वाचून मला फार लागलं. ज्या माणसानं आपल्याला त्या दरवाज्याखालून मोकळ्या हातांनी चालायला लावलं, त्याच्याबद्दल हे वाचायचं. पण मालिका मी टाकून दिली नाही. ती त्या मुलींचीही आहे, सारा मिशेल गेलरची, अलिसन हॅनिगनची, आणि त्या खोलीतल्या आपल्या दोघींचीही आहे.

आता मुद्द्याचं. पाचवा सीझन, सोळावा भाग, 'द बॉडी'. २७ फेब्रुवारी २००१ ला दाखवला गेलेला. डॉन गेली तो दिवस म्हणजे त्याच्या चोवीस वर्षांना एक दिवस कमी.

हॉस्टेलमध्ये मला तो भाग आवडला नव्हता. बफी घरी येते, टेबलावर आईसाठी आलेली फुलं बघते, हाक मारते, आणि आई, जॉइस, सोफ्यावर. डोळे उघडे. मारामारी नाही, पार्श्वसंगीत नाही, राक्षस नाही. जॉइसच्या डोक्यातली गाठ काढून झाली होती, ती बरी झाली होती, आणि घरात बसल्या बसल्या नस फुटून गेली. मी म्हणत होते, यात काय आहे, नुसती माणसं खोल्यांत उभी आहेत. बफीचा मित्र झँडर भिंतीत मूठ मारतो तिथं मी चहा आणायला म्हणून उठले आणि लवकर परत आलेच नाही. परत आले तेव्हा भाग संपलेला, तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, एक भाग वाया घालवला यांनी. तू एवढंच म्हणालीस, 'तुला नाही कळायचं.' मला राग आला होता. तू बारावीत असताना तुझे बाबा गेले हे मला माहीत होतं, आणि तरीही मी ते एकत्र जोडलं नाही.

गेल्या वर्षी आषाढात आई गेली. तू आलीस, चौदाव्यापर्यंत थांबलीस, सगळं पाहिलंस. पण त्या दुपारी काय झालं ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, टाके सुकले होते, ती पुन्हा अंगणात यायला लागली होती. मी कॉलेजातून दुपारी घरी आले. आई ओसरीत बाजेवर, भिंतीला टेकून, पुढ्यात सूप, सुपात निम्मी निवडलेली तूरडाळ. मी चपला काढता काढता सांगत होते की आज तास लवकर सुटला. दोन-तीन वाक्यं बोलले. मग हाक मारली. मग पुन्हा मारली.

पुढचं सगळं तुकड्यांत आठवतं. डॉक्टर यायच्या आत मी तिचं लुगडं पायांवर ओढून घेतलं, पोटरी दिसत होती म्हणून. सांडलेली डाळ वेचायला बसले, एक एक दाणा. आणि त्याच दिवशी आठ दिवसांनी नळ आला. शेजारच्या काकूंनी विचारलं नाही की बोलल्या नाहीत, पाइप लावला आणि आमचे दोन्ही ड्रम भरले, टाकी भरली. लोक जमत होते आणि अंगणात पाणी पडल्याचा आवाज येत होता. मला तो आवाज सहनही होत नव्हता आणि बंद करा असंही म्हणता येत नव्हतं. लातूरात पाणी सोडून कसं चालेल?

यंदा मार्चमध्ये, तुझ्या त्या दोन शब्दांनंतर, मी तो भाग पुन्हा लावला. विलो, त्यात हे सगळं आहे. बफी आईचा वर सरकलेला स्कर्ट खाली ओढते. तिला उलटी होते आणि ती त्या जागेवर कागदी रुमाल पसरते, जणू आत्ता फक्त जमीन पुसायची राहिली आहे. तुझी विलो कुठला शर्ट घालू म्हणून रडते. हजार वर्षं राक्षसीण म्हणून जगलेली आन्या विचारते की ही आता पुन्हा कधी अंडं खाणार नाही, जांभई देणार नाही, केस विंचरणार नाही, असं का? आणि हे सगळं चालू असताना बाहेर झँडरच्या गाडीवर पोलिसांनी दंडाची पावती लावलेली असते. तोच आमचा नळ. इतर वेळी त्या मालिकेत पिशाच्चाला घरात यायचं तर उंबऱ्यावर थांबावं लागतं, आवतन द्यावं लागतं. या भागात जे घरात शिरतं त्याला आवतन लागत नाही, आणि सगळ्या जगाला वाचवणारी मुलगी तिथं छाती दाबत बसते, बरगडी मोडेपर्यंत. तुला ते अठराव्या वर्षी ठाऊक होतं. मला कळायला एवढी वर्षं आणि आई लागली. तू तेव्हा बरोबर होतीस, आणि मी चहा घेऊन परत यायला हवं होतं.

अजून एक सांगायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी यायचे तेव्हा आईला गोष्ट सांगायचे, ती स्वयंपाक करताना. तिला बफी फार आवडायची. पाचव्या सीझनच्या शेवटी बफी डॉनच्या जागी स्वतः उडी मारते, तो शंभरावा भाग, तो सांगितला तेव्हा आईनं तव्यावरची भाकरी करपू दिली. मग मी पुढचं सांगितलं, विलोनं मंत्र म्हणून तिला परत आणलं, ती पेटीत जागी झाली, स्वतःच्या हातांनी माती उकरून वर आली. मला वाटलं आई खूश होईल. तर म्हणाली, 'कशाला उठिवलं गं? दमली असंल लेकरू. आई भवानीबी म्हैसासुराला मारून निजतीच की. निजू द्यायचं.' दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत तुळजापुरात देवी पलंगावर निजलेली असते ना, श्रमनिद्रा, तिच्या मनात ते होतं. बफी मात्र म्युझिकलच्या भागात गाण्यातून तेच सांगते, की ती जिथं होती तिथं शांत होती आणि तिला तिथून ओढून आणलं गेलं. ते आईला कळवलं तर ती म्हणाली, 'बघ.'

'द बॉडी'च्या पुढच्या भागात डॉन आईला परत आणायचा मंत्र करते. पावलं वाजतात, दारावर थाप पडते, बफी लहान मुलीसारखी दाराकडे धावते, आणि त्याच क्षणी डॉन आईचा फोटो फाडते. दार उघडतं तर बाहेर कुणी नाही. गेलं वर्षभर ओसरीत कसलाही आवाज झाला की मी तशीच धावते आहे. आणि मग आईचं ते 'निजू द्यायचं' आठवतं. डॉन तेव्हा चौदा वर्षांची पोर, तिनं फोटो फाडला. मी अजून आईचं सूप खुंटीवरून काढलेलं नाही.

तू मला झँडर म्हणायचीस तेव्हा मला वाईट वाटायचं, मला बफी व्हायचं होतं. सातव्या सीझनमध्ये डॉनला वाटतं की आपणही निवडलेल्यांपैकी आहोत, मग कळतं की नाही, ती मुकाट्यानं मागे सरते आणि पुस्तकं काढून बसते. ते फक्त झँडरच्या लक्षात येतं आणि तो तिच्यापाशी जाऊन सांगतो, मी पाहिलं. आता मला ते नाव हवंच आहे.

तर ऐक. तो भाग मी अजूनही पूर्ण पाहिलेला नाही. डॉन बाथरूमला जाते म्हणून उठते आणि शवागाराकडे वळते, तिथं मी बंद केला. शेवटची काही मिनिटं राहिली आहेत. कोजागिरी ६ ऑक्टोबरला आहे, सोमवार पडतो, तू शनिवारीच निघ. पाऊस फार झालाय, सोयाबीन पाण्यात आहे, मांजरा नदीला पूर आहे, म्हणून निघण्याआधी फोन कर, रस्ता विचारून सांगते. दूध मी आटवून ठेवते, आईच्या मापानं, चारोळी जास्त. लॅपटॉप ओसरीत लावू, बाजेपाशी.

तुझी,
झँडर