ऑक्सिजन कमी, अक्कल जास्त?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कमी ऑक्सिजनमध्ये व्यायाम करून मेंदू तल्लख करण्याचा लेख वाचला आणि माझा चहा गार झाला. म्हणे ऑक्सिजन कमी पडला की मेंदूकडे जास्त रक्त धावतं, म्हणून मेंदूला जास्त खुराक. अहो, रक्त जास्त धावतं हे खरंच आहे, त्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पण ते टंचाई आहे म्हणून! पाणीकपातीच्या दिवशी आमच्या सोसायटीत अर्धे भरलेले टँकर येतात म्हणून फेऱ्या वाढतात, तेव्हा आज पाण्याची चंगळ आहे असं कुणी म्हणतं का? वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव एकूण ऑक्सिजनचा २० टक्के एकटा खातो, त्याची टंचाई म्हणजे काय असते ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लेहला गेलो होतो. आमचे हे म्हणजे फिटनेसचं भूत, दर रविवारी इथला येऊरचा डोंगर, पावसातसुद्धा. हॉटेलवाल्याने हात जोडून सांगितलं होतं की दोन दिवस फक्त आराम करा. पण ग्रुपमधल्या डोंबिवलीच्या एका पोराने डिवचलं आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी हे शांती स्तूपाच्या पायऱ्या न थांबता चढले. मी मागून धापा टाकत पोचले तर हे कठड्याला टेकून हसतायत, ओठ जांभळट. करोनातला तो रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा चिमटा पर्समध्ये होता, खाली हॉटेलात ८८ टक्के दाखवत होता, आता ७६. मग चहा घेतला, दोन चहाचे ४० झाले, ह्यांनी शंभरची नोट दिली, चहावाल्याने ६० परत दिले आणि हे त्याच्याशी भांडायला लागले की ८० दे म्हणून. लक्षात घ्या, हा माणूस ३४ वर्षं बँकेत कॅशवर बसलाय, एक रुपया कमी आला तर घरी जेवायचा नाही. तीनदा सांगितलं, तीनदा मान हलवली आणि परत ८०! दहा-पंधरा मिनिटं शांत बसल्यावर स्वतःच खिशातले पैसे मोजले आणि गप्प झाले. रात्री डोकं फुटायला आलं, दोन उलट्या झाल्या, सकाळी ड्रायव्हर एवढंच म्हणाला, 'साहब, यहाँ जल्दी नहीं करने का.' खारदुंगला खिंडीची ट्रिप कॅन्सल झाली ते वेगळंच.

तेव्हा हाच तो तल्लख मेंदू का, एवढंच मला तुमच्या लेखकमहाशयांना विचारायचंय.

माझी भाची मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजी शिकवते, लेख वाचून दाखवला तर फोनवरच हसली. ती म्हणाली मावशी, ह्यात मुख्य गोष्टच खाऊन टाकलीये. जोरात धाप लागली की कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत फार हळव्या असतात, तो रक्तात कमी झाला की त्या आकसतात. म्हणजे ऑक्सिजनची टंचाई म्हणते रुंद हो आणि धाप म्हणते अरुंद हो. बसून असलात तर जास्त रक्त पाठवून मेंदू बऱ्यापैकी निभावतो, पण जीव तोडून चढायला लागलात की धाप वरचढ होते, शिवाय रक्त फुप्फुसातून इतकं घाईत जातं की तिथे ऑक्सिजन पुरता भरूनच घेत नाही. येऊरच्या चढावरही धाप तीच, पण इथे रक्त ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं म्हणून खपून जातं. आणि चिमटा बोटाचं सांगतो, मेंदूचं नाही, त्यासाठी कपाळावर इन्फ्रारेड प्रकाशाचं वेगळं यंत्र लावतात. त्यामुळे 'नव्वदच्या वर म्हणजे मेंदू सेफ' हे वाक्य कुणाला विचारून छापलं?

लेहच्या हवेत ऑक्सिजन १३ टक्के हेही तुम्ही छापलंत. २१ टक्केच असतो हो, ठाण्यात तलावपाळीला जेवढा तेवढाच, दाब कमी होतो, लेहला साधारण दोन तृतीयांश. नववीतलं पोर सांगेल. आणि खेळाडूंचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. १९९७ मध्ये लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांनी धावपटूंना राहायला २५०० मीटरवर ठेवलं आणि पळवायला खाली १२५० मीटरवर आणलं, त्यांचं टायमिंग सुधारलं. म्हणजे जोराचा व्यायाम त्यांनीसुद्धा खालीच करून घेतला, आणि फायदा झाला तो तांबड्या पेशींचा, गणिताच्या मार्कांचा नाही.

हे सगळं एवढ्यासाठी की आमच्या शेजारचा मुलगा, बारावीचा, घोडबंदर रोडच्या कुठल्याशा जिममधून अडीच हजारांचा तो डोंगरावरच्या हवेचा म्हणून विकतात तो काळा मास्क घेऊन आलाय आणि तो लावून जिने चढतो. त्या मास्कने डोंगर काही घरी येत नाही, फक्त श्वास ओढायला जोर लागतो. काल त्याच्या आईने तुमचं कात्रण फ्रिजवर लावलंय. आता मी काय सांगू तिला, तुमच्या पेपरपुढे माझं कोण ऐकणार?

जाता जाता, खारदुंगलाची उंची १८,३८० फूट छापलीत ती तिथल्या जुन्या पाटीवरची, खरी मोजणी ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. पाटी बघून लेख लिहायचे असतील तर आमचे हेसुद्धा लिहितील, रिकामेच आहेत. आणि गेले दोन आठवडे शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर येत नाहीये, १४ उभा अजून अडलाय, तेवढं बघा.

कळावे,
एक जुनी वाचक, नौपाडा, ठाणे