माउसला हात न लावल्याबद्दल

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहिलेलं तुला आवडणार नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावरची ताई एवढंच. पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितोय. बी-७ मधल्या गृहस्थांना मी सगळ्यांदेखत थकबाकीदार ठरवलं, तेव्हा चूक कशी सापडली तेही सगळ्यांदेखतच सांगायला हवं.

त्यांनी मेंटेनन्स कधी एक दिवसही उशिरा भरलेला नाही. तरी माझ्या एक्सेलच्या यादीत त्यांच्यापुढे ४,८०० रुपये! यादी नोटीस बोर्डावर लागली आणि संध्याकाळी ते पावत्यांची फाईल घेऊन दारात. तुला हाक मारली ती 'जरा नीट करून दे' म्हणायला. तू खुर्ची ओढून बसलीस आणि हाताची घडी घातलीस. खरं सांगतो, राग आला होता.

"काका, बरोबरचं चिन्ह, व्हीलूकअप, कंस, एवढंच टाइप करा आणि कंट्रोल-ए दाबा."

व्हीलूकअप म्हणजे एका यादीतला फ्लॅट दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यापुढचा आकडा आणून देणारं एक्सेलचं सूत्र. चार चौकटींची खिडकी उघडली. ज्या चौकटीत कर्सर न्यावा, तिचा अर्थ खाली. चौथी चौकट मी वर्षभर रिकामी सोडत आलो होतो. ती रिकामी ठेवली किंवा ट्रू लिहिलं तर एक्सेल जवळात जवळची नोंद उचलतं, आणि त्यासाठी पहिला रकाना चढत्या क्रमाने लावलेला लागतो. तंतोतंत जुळणी हवी तर फॉल्स लिहा, असं तिथे स्वच्छ इंग्रजीत होतं. माझी यादी तर सभासद नोंदवहीच्या क्रमाने. मधलं पान उघडून पुढे जायचं की मागे हे ठरवणाऱ्याच्या हाती पानं विस्कटलेला शब्दकोश दिल्यासारखं झालं होतं. फॉल्स लिहिलं. ओके दाबायच्या आधीच खिडकीच्या तळाशी उत्तर दिसलं: शून्य.

'हेल्प' या शब्दाचीच मला धास्ती होती. बँकेत असताना ऑफिस ९७ मध्ये एक डोळे असलेली कागदाची क्लिप टपकायची आणि न विचारता सल्ले द्यायची. ती २००७ च्या ऑफिसमधून गेली, पण माझी अढी गेली नाही.

तू गेल्यावर दोन फ्लॅटपुढे हॅश-एन-ए आलं, म्हणजे 'जुळणारी नोंद सापडली नाही'. जिना चढणार होतो, पण तुझी हाताची घडी आठवली. एफ-वन दाबलं तर लॅपटॉपचा आवाजच बंद झाला! एफएनचं बटण धरून दाबायचं, हे कळायला पाच मिनिटं गेली. मदतीच्या पानावरचं उदाहरण कोऱ्या शीटवर चिकटवून पाहिलं, ते चाललं. म्हणजे खोट माझ्या यादीत. मग फॉर्म्युलाजमधलं इव्हॅल्युएट फॉर्म्युला उघडलं. ते गणित एकेक पायरीने सोडवून दाखवतं, आणि फ्लॅटचा क्रमांक अवतरणचिन्हांत दाखवतं. सात आकडा आणि शेवटचं चिन्ह यांच्यात एक मोकळी जागा होती. टाइप करताना माझ्याच बोटाने पडलेली स्पेस! ए-१७ आणि सी-७, दोन्हीकडे तेच. इंटरनेट नसलं की एफ-वनची पानं नीट उघडत नाहीत, ही तक्रार मात्र आहे.

त्या संध्याकाळी तू दोन मिनिटांत दुरुस्त करून गेली असतीस, तर मी चहा पाजून 'थँक यू' म्हटलं असतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बेल वाजवली असती.

बी-७ च्या घरी पेढे देऊन माफी मागून आलोय. नवी यादी उद्या लागेल. तिच्यात तुमच्या फ्लॅटपुढे ६०० रुपये निघालेत. फॉल्स लिहून दोनदा तपासलेत, बाबांना सांग.

तुझा,
खजिनदार काका