मुक्कामी गाडी आणि लाल शाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कट्ट्यावर बसणाऱ्या तरुणांवरचा आपला रविवारचा अग्रलेख वाचला. पत्र सोमवारी लिहितो आहे, कारण रविवारीच लिहिलं असतं तर आपण ते छापू शकला नसता.

मथळ्यातला 'नीट' शब्द पाहून आमच्या घरी वाटलं, डॉक्टरकीच्या परीक्षेचा पेपर पुन्हा फुटला. मग सौ.ना सांगितलं, ही नीट वेगळी. जे शिकत नाहीत, नोकरी करत नाहीत आणि प्रशिक्षणही घेत नाहीत, ते सगळे यात. त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्यांचं काहीच नीट नाही, त्यांना नीट म्हणायचं होय?" पूर्ण अग्रलेखात एवढं मुद्द्याचं वाक्य मला सापडलं नाही, राग मानू नये.

'उदासीन' हा शब्द आपण या तरुणांसाठी सात वेळा वापरला आहे. मी मोजला. तीस वर्षं आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला, म्हणजे लेथवर धातू कातायचं काम शिकवलं, रोज सकाळी हजेरी घेतली, त्यामुळे मोजायची खोड आहे. आणि नेमकं हजेरीचंच सांगायचं आहे.

माझ्या शेवटच्या बॅचेसपैकी एकीत एक मुलगा होता. नाव देत नाही. बारावी करून आलेला, घाटाखालच्या वाडीतला, संस्थेपासून तेवीस किलोमीटर. पहिल्या वर्षी पितळेचा ओळंबा करायला देतो आम्ही. मुलं टोकाला येऊन गडबडतात, टेपर, म्हणजे निमुळता उतार, बिघडतो, मग कानशीनं घासून झाकापाकी करतात. याचा ओळंबा मशीनवरून उतरला तो तसाच वापरण्याजोगा. मी तो ठेवून घेतला. आमच्या घराचा वरचा मजला बांधला तेव्हा गवंड्यानं तोच लावला होता.

हा मुलगा सकाळी सहा दहाच्या गाडीनं यायचा. मुक्कामी गाडी. रात्री वाडीत थांबायची, कंडक्टर-ड्रायव्हर देवळात झोपायचे, पहाटे गाडी निघायची. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला हे सगळ्यांना आठवत असेल. कर्मचाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांचे पगार किती होते ते मला ठाऊक आहे. पण मुलगा दुधाच्या टेम्पोतून यायला लागला. टेम्पो डेअरीला कॅन उतरवून मग पुढे यायचा. वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत साडेनऊ, कधी दहा. कधी टेम्पोच नाही. आठवड्यातले तीन दिवस, मग दोन दिवस. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, वाडीची मुक्कामी गाडी तेवढी परत आली नाही. 'प्रवासी भारमान कमी' असं कारण मिळालं. बरोबर आहे. भारमान म्हणजे पाच-सहा पोरं आणि बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या.

परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते. याची भरली नाही. आजारपणाचा दाखला असता तर वरती रदबदली केली असती. गाडी नसल्याचा दाखला कोणत्या रकान्यात बसवायचा? मस्टरवर लाल शाईनं गैरहजेरी मांडणारा मीच. दुसऱ्या वर्षाची परीक्षा त्याला देता आली नाही. नंतर एकदा वाडीत जाऊन आलो. त्याच्या आईनं चहा दिला, म्हणाली, "सर, त्यो रोज उठून आवरून बसायचा हो." मुलगा बाहेर पारावर होता. मला बघून उभा राहिला. बोलला काही नाही. हाच तो आपला कट्टा, आणि हीच ती उदासीनता.

यापुढचं अधिक मजेदार आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, लोक जिला लाडका भाऊ म्हणतात. बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय पासला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. मुदत सहा महिने, पुढे ती वाढवून अकरा केली. मुलानं अर्ज केला, एका कार्यालयात लागला. बारावी पास म्हणून सहा हजारांवर. आयटीआयचं प्रमाणपत्र असतं तर आठ मिळाले असते. दरमहा दोन हजारांचा फरक, अकरा महिन्यांचे बावीस हजार. माझ्या लाल शाईची किंमत मला सरकारनंच काढून दिली.

आणि तिथे काम काय केलं? झेरॉक्स. टपालाला नंबर टाकणे. साहेबांच्या मीटिंगला पाण्याच्या बाटल्या मांडणे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप पाळणारा हात स्टेपलर मारत बसला. मुदत संपली, प्रमाणपत्राचा कागद मिळाला, पोरगं परत पारावर. या योजनेतल्या मुलांनी कायम करा म्हणून ठिकठिकाणी मोर्चे काढले, त्याची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळींत होती. मला त्या मागणीबद्दल शंका आहे, सगळ्यांना कायम करणं जमणार नाही. पण जे काम शिकवलंच नाही, त्या कामाच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र कसं देतात ते एकदा समजून घ्यायचं आहे. गंमत म्हणजे ते अकरा महिने हा मुलगा आपल्या 'नीट' आकड्यातून बाहेर होता. प्रशिक्षणात होता ना! आकडा तेवढ्यापुरता सुधारला.

आपण केंद्राच्या इंटर्नशिपचे गोडवे गायले आहेत. २०२४ मध्ये ती आली तेव्हा पाचशे मोठ्या कंपन्या, महिना पाच हजार, वय एकवीस ते चोवीस. चांगलं आहे. पण या कंपन्यांपैकी एकही आमच्या घाटाखाली नाही. वाडीतल्या मुलानं पुण्यात कॉट घ्यायची, मेस लावायची आणि पाच हजारांत महिना काढायचा. अग्रलेख लिहिणाऱ्यानं एक महिना काढून दाखवावा, मी मनिऑर्डर करतो.

आयटीआयबद्दल अग्रलेखात एक वाक्य आहे, 'कौशल्य शिक्षणाला प्रतिष्ठा मिळायला हवी.' प्रतिष्ठा! आमच्या मुलांना महिना ४० रुपये विद्यावेतन होतं. चाळीस. मी लागलो तेव्हाही चाळीस आणि निवृत्तीला आलो तोवर चाळीसच. २०२३ मध्ये पाचशे झालं. त्या चाळीसचे फॉर्म भरायला मुलांचे दीडशे खर्च व्हायचे, म्हणून कित्येकजण भरतच नसत. याला आपण बहुधा उदासीनताच म्हणाल.

अग्रलेखाशेजारी फोटो आहे तो मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या चार मुलग्यांचा. 'नीट'च्या आकड्यात मुलींचा वाटा मुलग्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे, हे आपल्याला माहीत असणारच. त्या कट्ट्यावर दिसत नाहीत, कारण त्या आत भाकऱ्या करतात. माझी पुतणी बारावीनंतर घरी बसली असं सगळे म्हणतात. पहाटे पाचला नळाला पाणी येतं तेव्हापासून रात्री सासूचे पाय चेपेपर्यंत ती नेमकी कधी बसते, ते मला दिसलेलं नाही.

आणखी एक. ज्या पानावर पिढी वाया गेल्याचं दुःख आपण मांडलंत, ते पान उलटलं की अर्धं पान भरती अकादमीची जाहिरात. 'शंभर टक्के निकालाची हमी.' हमी कशाची, तर जागा निघण्याचीच खात्री नसलेल्या परीक्षेची. वडील म्हैस विकून तिथली फी भरतात, मुलगा चार वर्षं अभ्यासिकेत घालवतो आणि तिथून थेट कट्ट्यावर येतो. त्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे कोणत्या खात्यात जमा होतात, हे विचारणं सभ्यपणाचं नाही, म्हणून विचारत नाही.

माझी सूचना छोटी आहे. जिथून मुलं शिकायला येतात त्या गावांच्या सकाळच्या गाड्या आणि आयटीआयच्या वेळा यांचा मेळ बसतो का, हे एका तालुक्यापुरतं आपल्या वार्ताहराला पाहायला सांगा. दोन दिवसांचं काम आहे. वाडीला अजूनही सकाळची गाडी नाही. पहिली येते ती पावणेअकराला.

कळावे,
एक निवृत्त शिल्प निदेशक (म्हणजे आयटीआयचा शिक्षक), जि. सातारा

ता. क. : मागच्या वर्षी आपण माझं पाणीटंचाईवरचं पत्र छापलंत, त्याखाली 'निवृत्त शिल्पकार' असं आलं होतं. त्यानंतर शेजारच्या गावच्या मंडळानं अश्वारूढ पुतळ्याचा अंदाजे खर्च विचारायला दोन माणसं पाठवली. चहा-पोहे मलाच करावे लागले. या वेळी कृपया निदेशक.